५३ झेल, २७ कसोटी : एकनाथ सोलकर आणि क्षेत्ररक्षणाचा हिशेब

१/ ऑक्टोबर १९६९. नागपुरात विदर्भातील पहिला कसोटी सामना झाला आणि भारत तो न्यूझीलंडविरुद्ध १६७ धावांनी हरला. त्यानंतरची कसोटी हैदराबादला होती. तेथे एकवीस वर्षांच्या एकनाथ सोलकरने पदार्पण केले. मुंबईच्या हिंदू जिमखान्यात त्याचे वडील मैदानाची निगा राखत आणि कुटुंब त्याच आवारातील एका खोलीत राहत असे.

२/ जानेवारी १९७७ मध्ये त्याची कसोटी कारकीर्द संपली. २७ कसोटी, १०६८ धावा, सरासरी २५.४२, एक शतक, १८ बळी. धावा आणि बळी एवढेच पाहिले, तर हा एक उपयुक्त, परंतु सामान्य अष्टपैलू ठरतो. मात्र त्याच नोंदीत आणखी एक आकडा आहे : ५३ झेल.

३/ आकडा तुलनेविना मुका असतो. म्हणून समकालीनांकडे पाहू (प्रतिसामना झेल) :
• सोलकर : २७ कसोटी, ५३ झेल, १.९६
• अजित वाडेकर : ३७ कसोटी, ४६ झेल, १.२४
• आबिद अली : २९ कसोटी, ३२ झेल, १.१०
• वेंकटराघवन : ५७ कसोटी, ४४ झेल, ०.७७
• बिशनसिंग बेदी : ६७ कसोटी, २६ झेल, ०.३९

४/ आता भारताबाहेर. स्लिपमधील महान क्षेत्ररक्षक मानला जाणारा ऑस्ट्रेलियाचा बॉब सिम्पसन : ६२ कसोटींत ११० झेल, म्हणजे १.७७. गॅरी सोबर्स : ९३ कसोटींत १०९, म्हणजे १.१७. किमान २० कसोटी खेळलेल्या, यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूंत सोलकरचे प्रमाण सर्वोच्च गणले जाते.

५/ किमान २० ही अट कशासाठी? १९७७ मध्ये बंगळूरला यजुर्वेंद्र सिंगने पदार्पणाच्याच कसोटीत सात झेल घेऊन विश्वविक्रमाशी बरोबरी केली. मात्र त्याची कारकीर्द चार कसोटींतच आटोपली. एका सामन्याचा पराक्रम आणि वर्षानुवर्षांचे सातत्य एकाच तराजूत तोलता येत नाही.

६/ तरीही १.९६ हा निव्वळ एका माणसाचा आकडा नव्हे. बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना आणि वेंकटराघवन यांनी मिळून कसोटीत ८५३ बळी घेतले. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजापासून हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या सोलकरकडे झेल येण्याची संधी याच फिरकीतून निर्माण होई. उलट, ती संधी साधणारा तेथे नसता, तर त्या फिरकीची धारही बोथट झाली असती. वाडेकरही बव्हंशी याच गोलंदाजांच्या संघात खेळला. म्हणून त्या दोघांची तुलना अधिक न्याय्य आहे.

७/ शिवाय हेल्मेट कसोटीत आले ते सोलकर निवृत्त झाल्यानंतर. जोरदार फटक्यासमोर तो शिरस्त्राणाविना वाकून उभा राही. झेलांच्या रकान्यात या धोक्याची नोंद नाही.

८/ येथे बेसबॉलचे उदाहरण उद्बोधक आहे. त्या खेळात चेंडू फेकणाऱ्या पिचरच्याही क्षेत्ररक्षणाचा स्वतंत्र हिशेब असतो : किती जणांना बाद केले, किती वेळा साहाय्य केले आणि किती चुका केल्या. ग्रेग मॅडक्सला पिचर म्हणून क्षेत्ररक्षणाचे १८ ‘गोल्ड ग्लव्ह’ पुरस्कार मिळाले, ते याच दृष्टीतून. क्रिकेटच्या पारंपरिक धावफलकात मात्र सुटलेल्या झेलाला जागाच नाही. सोलकरने किती झेल घेतले हे कळते. किती संधींपैकी घेतले, हे तो फलक सांगत नाही.

९/ ओव्हल, ऑगस्ट १९७१. पहिल्या डावात ९० धावा करणारा अॅलन नॉट दुसऱ्या डावात एका धावेवर असताना सोलकरने पुढे झेपावत, जमिनीलगत त्याचा झेल टिपला. इंग्लंड १०१ धावांत गारद झाले. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि भारताने इंग्लंडमधील पहिला कसोटी विजय व पहिली मालिका जिंकली. फलकावर त्या झेलाची नोंद ‘झे. सोलकर, गो. वेंकटराघवन, १’ एवढीच. बळी जमा झाला तो गोलंदाजाच्या खात्यात.

१०/ इतिहासाच्या अभ्यासकासाठी बोध येथेच आहे. प्रत्येक दस्तऐवज काही मोजतो आणि काही वगळतो. काय मोजायचे हे ज्याने ठरवले, त्याने काय विसरले जाईल हेही ठरवलेले असते. सोलकर २००५ मध्ये, ५७ व्या वर्षी निवर्तला. सरासरीच्या रकान्याने त्याला सामान्य ठरवले, तर झेलांच्या रकान्याने अद्वितीय. त्याची नोंद वाचताना दोन्ही रकाने शेजारी ठेवावे लागतात, आणि जो तिसरा रकाना कोणी आखलाच नाही, त्याचेही भान ठेवावे लागते.