अंगणाचा खर्च

कोकणात ओटीच्या पायऱ्या उतरल्या की खळे लागते. देशावर रस्त्याच्या बाजूला ओटा असतो आणि मोठ्या वाड्याच्या पोटात चौक. भात झोडणे, आमसुले आणि पापड वाळवणे, तुळशीचे लग्न, शिमग्याची पालखी, लग्नाच्या पंगती हे सगळे याच उघड्या जागेत होत आले. घराचा जेवढा वापर, तेवढाच तिचाही. तरीही पूर्वी घराच्या हिशेबात अंगणाची रक्कम सहसा वेगळी दिसत नसे, कारण ती रोख द्यावी लागत नव्हती. अंगण दरवर्षी नव्याने करावे लागे आणि त्याचा खर्च अंगमेहनतीत होई.

कोकणात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. चार महिन्यांत मातीच्या अंगणाचा वरचा थर धुपून जातो आणि उरलेल्या भागावर गवत माजते. भातकापणीच्या सुमारास हे गवत खरवडून काढत, जमीन कुदळीने उकरत, वर चाळलेली तांबडी माती पसरत आणि पाणी मारून ती भिजवत. मग चोपणी सुरू होई. चोपणे म्हणजे मूठ असलेली जाड, सपाट लाकडी फळी. उकिडवे बसून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओल्या मातीवर तिचे घाव घालत सरकायचे. माती सुकताना तडे गेले, तर पाणी शिंपडून त्या जागा पुन्हा चोपायच्या. जोत्यापासून गडग्याकडे हलका उतार राखायचा, नाहीतर पहिल्या वळवाच्या सरीचे पाणी थेट भिंतीला लागते. शेवटी शेणकाल्याने सारवण. ते पुढे सणावाराला आणि एरवीही चालूच राही आणि बहुतेक बायकांच्या हातून होई. मातीचे अंगण फुकट पडे असे म्हणणे या बायकांवर अन्याय करणारे आहे. त्यांच्या कष्टांची किंमत कुणी मांडली नाही, एवढेच.

अंगणावरच्या मांडवाचेही तसेच होते. ज्याच्या वाडीत पोफळी, बांबू आणि माड, त्याला खांब, आडवे वासे आणि झाप घरचेच मिळत. ज्याच्याकडे वाडी नाही, त्याला ते मागून किंवा विकत आणावे लागत. गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या घरचा हिशेब तर आणखी निराळा होता. त्याच्याकडची कितीतरी कामे कुळांना वेठीने करावी लागत, म्हणजे मालकाची बचत ही कुळाच्या घरातली तूट असे. 1949 च्या कायद्याने खोती रद्द झाली, तेव्हा या फुकट मजुरीचा आधारही गेला.

देशावर दगड मुबलक, पण तो घडवणे महाग. सह्याद्रीचा काळा पाषाण कठीण असतो. खाणीतून निघालेला धोंडा सपाट फरशीसारखा करायचा तर प्रत्येक चिऱ्याची वरची बाजू आणि कडा छिन्नी-हातोड्याने टाचून काढाव्या लागतात. त्यात पाथरवटाचे दिवसच्या दिवस जात. त्यामुळे फरसबंदी चौक ही सरदार, सावकार आणि देवस्थाने यांनाच परवडणारी गोष्ट होती. 1730 साली सुरू होऊन 1732 साली वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याच्या मूळ बांधकामाचा खर्च 16,110 रुपये सांगितला जातो. सामान्य शेतकऱ्याच्या घरी मात्र दगडमातीचा ओटा आणि त्यावर सारवण, एवढेच असे.

हे चित्र पालटले ते शहाबादी फरशीने. आजच्या कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातले शहाबाद पूर्वी निजामाच्या राज्यात होते. तिथला चुनखडीचा दगड थराथराने बसलेला आहे. पहार घालून थर सुटा केला की बऱ्यापैकी सपाट लादी हाती येते, फक्त कडा काटकोनात तोडाव्या लागतात. काळ्या दगडावर जी मेहनत माणसाला करावी लागे, ती इथे भूगर्भानेच करून ठेवलेली होती. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचा मार्ग 1871 मध्ये रायचूरपर्यंत पोचला, तो शहाबादवरूनच. जड दगड दूर नेण्याचा खर्च आवाक्यात आला आणि सोलापूर, पुणे, मुंबईकडच्या घरांत ही करडी-निळसर फरशी शिरली. मध्यमवर्गाच्या अंगणाला दगड परवडू लागला तो इथून. या फरशीचा एक दोष मात्र गृहिणींच्या लवकर ध्यानात येतो. चुनखडीला आंबट सोसत नाही. चिंच, कोकम किंवा लिंबाची फोड वर पडून राहिली की तिथला गुळगुळीतपणा जातो आणि फिकट डाग उरतो. ॲसिडने फरशी धुणाऱ्यांच्या अंगणाची तर सगळी फरशीच खरबरीत होते.

सिमेंटचा कोबा खेड्यात पोचायला बराच वेळ लागला. कोकणातल्या घरी मुंबईच्या चाकरमान्याची मनिऑर्डर येत असे. त्या पैशांतून आधी कौले, मग घरातली जमीन आणि शेवटी जमलेच तर खळे, असा क्रम लागे. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते तोवर पैसा असूनही पोती मिळतीलच याची खात्री नसे. 1982 साली हे नियंत्रण अंशतः उठले आणि 1989 साली पूर्णपणे. त्यानंतर कोबा ही गावोगाव नेहमीची बाब झाली. वर्षाची चोपणी सुटली, बायकांच्या कमरेला आराम मिळाला. ही सुधारणा थोडी नव्हे. शेणाने सारवलेल्या अंगणाच्या आठवणी काढणाऱ्यांनी ते सारवत कोण होते, हेही आठवावे.

मेहनतीची जागा अशी पैशाने घेतली आणि हिशेबाची भाषाही बदलली. आता अंगणाचे काम ब्रासवर बोलले जाते. क्षेत्रफळात एक ब्रास म्हणजे 100 चौरस फूट, तर मुरूम आणि खडीच्या मापात 100 घनफूट. दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब अंगणाला दोन ब्रास फरशी लागते. त्याखाली सहा इंच मुरूम घालायचा तर दबलेल्या मापाने तो एक ब्रास भरतो; धुम्मसाने ठोकल्यावर भराव बसतो, म्हणून सुटा मुरूम त्याहून जास्त मागवावा लागतो. दराची घासाघीस मात्र बहुतेकदा फरशीवरच होते, आणि मुरूम व धुम्मस यांतच काटछाट केली जाते. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. ती न काढता वर टाकलेला कोबा लवकरच तडकतो आणि फरशीच्या दरजा उघडतात. जुन्या अंगणात चोपण्याने जे काम दरवर्षी होई, ते आता एकदाच आणि फरशी बसण्याआधी करावे लागते. अंगणाचे अंदाजपत्रक हाती आले की आधी भराव, धुम्मस आणि पाण्याचा उतार यांचे आकडे पाहावेत, फरशीचा भाव त्यानंतर.