इंजिनघराचे रंगमंदिर

जुन्या राजवाड्याचा इतिहास आपण हौसेने सांगतो. कारखान्याचा इतिहास मात्र भट्टी विझली की संपला, असे समजून चालतो. लंडनमधील ‘राउंडहाउस’ची हकीकत या समजाला उत्तर देणारी आहे, म्हणून ती आज श्रोत्यांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

कॅम्डन भागातील ही वर्तुळाकार इमारत १८४७ साली रेल्वे कंपनीने इंजिने ठेवण्यासाठी बांधली. मधोमध ३६ फुटांचे फिरते चक्र; इंजिन त्यावर चढवावे, फिरवावे आणि भोवतालच्या २३ जागांपैकी एकीत सारावे, अशी व्यवस्था होती. छपराचा भार ओतीव लोखंडाच्या २४ खांबांवर तोललेला. परंतु इंजिनांची लांबी वाढत गेली आणि थोड्याच वर्षांत हे घर त्यांना अपुरे पडले. पुढे कित्येक दशके तेथे मद्याची पिंपे रचली गेली.

१९६० साली ब्रिटिश कामगार संघटनांच्या परिषदेने ४२ क्रमांकाचा ठराव संमत केला : समाजजीवनातील कलेच्या स्थानाचा विचार संघटनांनी करावा. शिंपीकाम करणाऱ्या बापाचा मुलगा असलेल्या आर्नल्ड वेस्कर या नाटककाराने तो मनावर घेतला. ‘सेंटर ४२’ ही संस्था उभी राहिली आणि १९६४ साली राउंडहाउस तिच्या हाती आले. नाटक, संगीत, चित्रे ही कामकऱ्याच्या हक्काची व्हावीत, हा वेस्करचा ध्यास. पण ठरावासाठी जितके हात वर झाले, तितके खिशात गेले नाहीत! पैशाअभावी १९७० मध्ये संस्था विसर्जित झाली.

वास्तूत मात्र रंग भरत होता. १९६८ साली पीटर ब्रूकने शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’वर आधारलेला प्रयोग येथेच केला. १९८३ मध्ये दारे बंद झाली. ती २००६ मध्ये नव्याने उघडली. वर भव्य प्रेक्षागृह झाले आणि खाली, जेथे इंजिने उभी राहत त्या जमिनीखालच्या तळघरात, तरुण मुलांसाठी संगीताच्या व ध्वनिमुद्रणाच्या खोल्या झाल्या. वेस्करचे स्वप्न हरले असे कोणी म्हणेल. त्याचा एक अंश या तळघरात जिवंत आहे, असे आम्ही म्हणू.

१९८२ च्या संपानंतर गिरणगावातील अनेक गिरण्यांच्या जागी बाजार आणि कचेऱ्या उभ्या राहिलेल्या आपण पाहिल्या आहेत. तेव्हा ही हकीकत आपणांस परकी वाटू नये. जुन्या भिंती राखणे अवघड खरे. पण तेवढ्याने भागत नाही. ज्यांच्या बापजाद्यांनी त्या भिंतींआड घाम गाळला, त्यांचीच मुले तिकीटखिडकीवरून परत फिरणार असतील, तर आतले नाटक कितीही रंगो, त्या वास्तूचे देणे फिटले असे म्हणता येणार नाही.