ट्रकचा सेल्फ लागत नाही : तपासणी कुठून सुरू करावी?



शारजात आपल्यापैकी बरेच जण मालवाहतूक, गोदामे किंवा बांधकाम साहित्याच्या धंद्यात आहेत. माल भरून तयार असतो आणि पहाटे ड्रायव्हरचा फोन येतो, "गाडी चालू होत नाही." मेकॅनिक येतो, दोन नव्या बॅटऱ्या बसवतो, आणि आठवड्याभरात तोच फोन पुन्हा! मी नोकरीने संगणकवाला असलो तरी पदवी यंत्र अभियांत्रिकीची आहे. अशा वेळी काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने, हे एका जागी असावे म्हणून हा लेख. छापून ट्रकमध्ये ठेवलात तरी चालेल.

सार दोन वाक्यांत : मोजल्याशिवाय काही बदलू नका. आणि गिअर तपासल्याशिवाय सेल्फला हात लावू नका.

१. आधी तक्रार नीट समजून घ्या

"चालू होत नाही" यात दोन वेगळे आजार दडलेले असतात. इंजिन फिरते पण पेट घेत नाही, तर दोष डिझेल, फिल्टर किंवा लाइनमध्ये शिरलेल्या हवेकडे शोधावा. इंजिन फिरतच नाही, तर बॅटरी, केबल किंवा सेल्फ. हा लेख दुसऱ्या आजाराबद्दल आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण १६ ते २० पट दाबली जाते, ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. एवढा दाब निर्माण करायला सेल्फला मोठी ताकद लागते. म्हणून मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट घेतात, आणि सेल्फ मारताना केबलमधून शेकडो अँपिअर वाहतात.

ड्रायव्हरला फोनवरच विचारा, चावी फिरवल्यावर आवाज कसा येतो?

- काहीच नाही : बॅटरी पूर्ण उतरली आहे, किंवा चावीपासून सेल्फपर्यंतची बारीक वायर, रिले, फ्यूज यांत कुठेतरी तुटले आहे.
- भराभर कट-कट-कट : बॅटरी कमजोर किंवा जोड खराब. सोलेनॉइड ओढला जातो, व्होल्टेज कोसळते, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो.
- एकच मोठा 'टक्क' : सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळलेले, सेल्फचे कार्बन संपलेले, केबलचा जोड खराब, किंवा इंजिन जाम.
- रडत रडत फिरते : बॅटरी किंवा केबल.
- सुर्रर्र आवाज, पण इंजिन स्थिर : सेल्फ फिरतोय, पण त्याचे बेंडिक्स फ्लायव्हीलच्या दात्यांत बसत नाही.

२. हात लावण्यापूर्वी

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. केबिन उचलावी लागली तर तिचा लॉक बसल्याची खात्री करा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ सिगारेट नको. अंगठी, कडे, धातूचे घड्याळ काढून ठेवा. केबल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

गाडी हायवेवर बंद पडली असेल तर हॅझर्ड लाइट लावा, त्रिकोण मागे ठेवा आणि माणसांना रस्त्यापासून दूर उभे करा. धोका वाटल्यास पोलिसांना ९९९ वर कळवा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ या वेळेत भर उन्हात काम करून घेण्यास या देशात मनाई आहे. माल थांबेल, पण माणूस उन्हात गाडीखाली घालू नका.

३. फुकटातल्या गोष्टी

- बॅटरीचा कट-ऑफ स्विच कुणी बंद केला आहे का?
- गिअर खरोखर न्यूट्रलमध्ये आहे का? क्लच पूर्ण दाबला आहे का? पीटीओ बंद आहे का? अनेक गाड्यांत यापैकी एक जरी चुकले तरी सेल्फ लागत नाही.
- हेडलाइट लावून चावी फिरवा. प्रकाश जराही मंदावला नाही, तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही : वायरिंग, रिले किंवा सोलेनॉइड बघा. खूप मंदावला, तर बॅटरी, जोड किंवा जाम इंजिन. पूर्ण विझला, तर टर्मिनल हमखास ढिले.

४. बॅटरी : दोन्ही वेगवेगळ्या मोजा

साध्या मल्टिमीटरने काम होते. गाडी काही तास उभी असताना चांगली, भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२.० म्हणजे बरीच रिकामी. दोन्हींची मिळून २४.४ बेरीज पाहून फसू नका : एक १२.७ आणि दुसरी ११.७ असू शकते. मग सेल्फ मारताना पुन्हा मोजा. एखादी ९.६ च्या खाली गेली, तर ती चार्ज करून पुन्हा तपासा. तरीही तेच झाले तर ती बाद.

या फरकाचे एक नेहमीचे कारण म्हणजे रेडिओ किंवा मोबाइल चार्जरसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर काढलेली असते. ती बॅटरी कायम उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन तापते. त्यासाठी कन्व्हर्टर वापरावा. बॅटऱ्या बदलायच्या तर दोन्ही एकदम, एकाच क्षमतेच्या. इथल्या उन्हाळ्यात बॅटरीतले पाणी लवकर आटते आणि प्लेट झिजतात. झाकणाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरची पातळी नियमित पाहावी, नळाचे पाणी कधीही घालू नये.

५. केबल : खरी मेख इथे असते

चांगल्या बॅटऱ्या हकनाक बदलल्या जातात त्या इथे. शारजाची दमट, खारी हवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढवते. ओहमच्या रेंजवर केबल तपासली तर मीटर शून्य दाखवतो आणि मेकॅनिक म्हणतो, "केबल ठीक है." पण हिशोब करून बघा. जोडात फक्त ०.०१ ओहम रोध असला आणि ५०० अँपिअर वाहिले, तर ५ व्होल्ट तिथेच खर्च झाले. २४ पैकी ५ गेले, तर सेल्फ रडणारच. एवढा बारीक रोध साधा मीटर दाखवू शकत नाही. म्हणून करंट वाहत असताना मोजायचे :

- मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (लगवर नव्हे, थेट खांबावर), दुसरे सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा.
- मग एक टोक निगेटिव्ह खांबावर, दुसरे सेल्फच्या बॉडीवर. पुन्हा तेच.

दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टच्या आत आले तर केबल ठीक. जास्त आले तर मीटरचे टोक एकेक जोड पुढे सरकवा. जिथे आकडा उडी मारतो, तिथे दोष. इंजिन ते चासी ही अर्थची पट्टी हमखास विसरली जाते. बरेचदा पॉलिश पेपर, घट्ट नट आणि थोडे व्हॅसलीन एवढ्यावर काम भागते.

६. सेल्फ दोषी कधी ठरवावा?

अनेक गाड्यांत सोलेनॉइडवर आकडे असतात : ३० म्हणजे बॅटरीची जाड केबल, ५० म्हणजे चावीकडून येणारी बारीक वायर. चावी फिरवल्यावर ५० वर पूर्ण व्होल्टेज नाही, तर दोष मागे : रिले, न्यूट्रल स्विच, इग्निशन स्विच, इमोबिलायझर. नव्या गाड्यांत सेल्फची परवानगी कॉम्प्युटर देतो, तिथे स्कॅनर लावून कोड वाचावा. ३० वर आणि ५० वर व्होल्टेज आहे, अर्थ चांगला आहे, इंजिन हाताने फिरते, आणि तरीही सेल्फ गप्प, तरच तो काढावा.

सेल्फ सलग ३० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये दोन मिनिटे विश्रांती द्यावी, नाहीतर बरा सेल्फही जळतो.

७. इंजिनच जाम असेल तर

क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने फिरते का बघा (चावी काढून, बॅटरी तोडून). पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला तर हे आधी. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस आपण विसरलेलो नाही. या देशात १९४९ पासूनच्या नोंदींत तसा पाऊस नव्हता. अल ऐनजवळ खतम अल शकला इथे २५४ मिलिमीटर पडला आणि शारजाचे कित्येक रस्ते अनेक दिवस पाण्याखाली राहिले. मुंबईकरांना २६ जुलै २००५ आठवला असेल. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि छोट्या दुरुस्तीच्या जागी पूर्ण इंजिन उघडावे लागते. अशी गाडी टो करून न्यावी, इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढावे.

८. जुगाड, आणि त्यात जाणारे जीव

- २४ व्होल्टच्या ट्रकला २४ व्होल्टच्याच गाडीवरून जंप द्यावा, कारवरून नाही. शेवटचा निगेटिव्ह चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूवर लावावा.
- धक्का मारून किंवा ओढून चालू करणे जुन्या पंपाच्या गाडीत शक्य होते. नव्या गाडीत कॉम्प्युटरला व्होल्टेज नसेल तर उपयोग नाही, ऑटोमॅटिकमध्ये तर मुळीच नाही. आणि हवा भरलेली नसेल तर एअर ब्रेकच्या गाडीचे ब्रेक जाम असतात.
- गाडीखाली झोपून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे दोन नट जोडणे कधीही नाही. त्याने न्यूट्रल स्विच वगळला जातो. गाडी गिअरमध्ये असेल तर ती त्याच क्षणी पुढे सरकते, आणि चाकापुढे माणूस असतो. हे इथे आणि आपल्याकडे हायवेवरही सर्रास चालते. आपल्या ड्रायव्हरला मालकाने स्वतः निक्षून सांगावे की, "गाडी उभी राहिली तरी चालेल, हे करायचे नाही."

एक मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प, पाने, वायर ब्रश आणि चाकांचे ठोकळे एवढे सामान प्रत्येक ट्रकमध्ये असावे. दोन नव्या बॅटऱ्यांपेक्षा हे सगळे मिळून स्वस्त पडते.

धंद्यातल्या जाणकारांनी यात जरूर भर घालावी. हिंदी किंवा उर्दू वाचणाऱ्या ड्रायव्हरांसाठी निदान २ रे आणि ८ वे कलम कुणी भाषांतर करून दिले तर फारच उत्तम.