अकरा काचांचा तोफखाना

सर्व्हरमधल्या रेड कंट्रोलरची बॅटरी बदलायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. काम अर्ध्या तासाचं. सर्व्हर रीतसर बंद करायचा, पॉवरच्या दोन्ही केबल काढायच्या, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधायचा, झाकण उघडायचं. कार्डावरचा बारका दिवा लुकलुकत असेल तर हात लावायचा नाही. डिस्कवर न उतरलेला डेटा अजून कॅशमध्ये आहे आणि त्याचा जीव त्या बॅटरीवर टांगलेला आहे, असा त्याचा अर्थ. दिवा विझला की क्लिप सोडवायची, जुनी फुगलेली बॅटरी बाहेर काढायची, नवी बसवायची.

एकदा मागवलेलं खोकं उघडलं तर आत बॅटरी नव्हतीच. कपॅसिटर होता. चलनावर मात्र ठळक अक्षरांत 'बॅटरी' छापलेलं. हे नाव चूक आहे असं तेव्हा मला ठामपणे वाटलं. बॅटरीत रसायनं असतात, रासायनिक क्रियेतून वीज निघते. कपॅसिटरमध्ये तशी क्रिया नसते, नुसता विद्युतभार साठवलेला असतो. ही चूक कुठून आली हे शोधायला म्हणून मी 'बॅटरी' या शब्दाच्या मागे लागलो आणि थेट 1749 सालच्या फिलाडेल्फियात पोचलो. तिथे समजलं की चलन बरोबर होतं.

आधी कंट्रोलरवर ही बॅटरी कशाला लागते ते. बऱ्याच डिस्क एकत्र बांधून एक मोठी, भरवशाची डिस्क करायची युक्ती 'रेड' या नावाने 1988 च्या शोधनिबंधात मांडली गेली. तो बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांचा. डिस्क संथ असते, म्हणून कंट्रोलरवर जलद मेमरी, म्हणजेच कॅश, ठेवतात. सर्व्हरने डेटा पाठवला की कंट्रोलर तो या मेमरीत घेतो आणि लगेच 'मिळाला' म्हणून पोच देतो. डिस्कवर तो सवडीने उतरतो. कचेरीत अर्जावर आवकचा शिक्का बसावा पण नोंद वहीत चढलेली नसावी, तसं हे. मधल्या काळात वीज गेली तर पोच दिलेला डेटा नाहीसा होईल. तो दोन-तीन दिवस तगून राहावा म्हणून बॅटरी. तीच थकली तर कंट्रोलर अशी आगाऊ पोच देणं थांबवतो आणि दर वेळी डिस्कवर लिहून झाल्यावरच उत्तर देतो. मग सगळं कार्यालय 'सिस्टीम स्लो आहे' म्हणून फोन करतं, आणि मला बोलावणं येतं.

'कॅश' हा शब्द रोकड रकमेचा नव्हे. फ्रेंचमध्ये लपवणे या अर्थाचं क्रियापद आहे, त्यातून आलेला हा. उत्तर अमेरिकेत कातड्यांसाठी शिकार करणारे फ्रेंच लोक परतीच्या वाटेसाठी शिधा जमिनीत पुरून ठेवत, ती जागा म्हणजे कॅश. आपल्याकडे ज्वारी ठेवायचं पेव असे, त्याच जातीचं. संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी 1965 मध्ये अशा मेमरीची कल्पना मांडली तेव्हा तिला 'गुलाम मेमरी' म्हटलं होतं. पुढे 1968 मध्ये आयबीएमच्या मॉडेल 85 या संगणकावरचा लेख कंपनीच्याच नियतकालिकात यायचा होता. लेखकांनी लिहिलेलं 'अतिजलद बफर' हे नाव संपादक लाइल जॉन्सन यांना रुचलं नाही आणि त्यांनी 'कॅश' सुचवलं. एका संपादकाच्या कानाने हा शब्द जगभर नेला.

आता बॅटरी. लॅटिनमधल्या बडवणे या अर्थाच्या क्रियापदातून फ्रेंच 'बात्री' निघाला, याबद्दल वाद नाही. वाद पुढचा आहे. या शब्दाच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी होत्या: तटाला भगदाड पाडणाऱ्या तोफांची रांग, ठोकून घडवलेली तांब्या-पितळेची भांडी, आणि ढोल बडवणं. भांड्यांचा अर्थ चांगला मुरलेला होता. इंग्लंडात सोळाव्या शतकात पितळेचा पत्रा ठोकणाऱ्या कंपनीच्या नावातच 'बॅटरी' होतं, आणि फ्रेंच स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या संचाला आजही हाच शब्द आहे. मग विजेच्या बॅटरीचं मूळ भांड्यांत शोधावं, असं कुणालाही वाटेल. धातूचे पत्रे आहेत, एकसारख्या वस्तूंचा संच आहे. मलाही आठवडाभर तसंच वाटत होतं.

पण फिलाडेल्फियाच्या बेंजामिन फ्रँकलिन यांचं पत्र वाचल्यावर तो तर्क टिकत नाही. लंडनच्या पीटर कॉलिन्सन यांना 29 एप्रिल 1749 रोजी लिहिलेल्या पत्रात फ्रँकलिन सांगतात की आम्ही खिडकीच्या मोठ्या काचांची अकरा तावदानं घेतली, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना शिशाचे पातळ पत्रे चिकटवले, ती रेशमी दोऱ्यांवर उभी केली आणि सगळ्यांच्या एका बाजू एका तारेला, दुसऱ्या बाजू दुसऱ्या तारेला जोडल्या. या मांडणीला त्यांनी विजेची बॅटरी म्हटलं. त्याच पत्राच्या शेवटी नदीकाठच्या मेजवानीचा बेत आहे: टर्की विजेच्या धक्क्याने मारायची, आणि युरोपातल्या नामवंत विद्युतशास्त्रज्ञांच्या नावाने प्याले उचलताना याच विजेच्या बॅटरीतून तोफांची सलामी द्यायची. भांड्यांची सलामी कुणी देत नाही.

मला याहून मोठा पुरावा वाटतो तो दीड वर्ष आधीचा. 1747 मध्ये फ्रेंच आणि स्पॅनिश खासगी लढाऊ जहाजं डेलावेअर नदीत घुसू लागली होती. शांततावादी क्वेकरांच्या पेन्सिल्व्हेनियात फौजच नव्हती. फ्रँकलिन यांनी लोकांची स्वयंसेवी फौज उभारली, लॉटरी काढून पैसा जमवला आणि शहराच्या खालच्या अंगाला नदीवर तोफांचा मोर्चा बांधवला. तोफा कमी पडल्या तेव्हा ते न्यूयॉर्कच्या गव्हर्नर क्लिंटन यांच्याकडे उसन्या मागायला गेले. आधी साफ नकार, मग मदिरेच्या पेल्यांबरोबर सहा, मग दहा, शेवटी अठरा तोफा. पुढे त्या मोर्चावर फ्रँकलिन स्वतः साध्या शिपायासारखे पहारा देत. या तोफांच्या ओळीला इंग्रजीत म्हणायचे बॅटरी. आपल्या बखरींत किल्ल्याला 'मोर्चे लावले' म्हणतात ते हेच. ज्या माणसाच्या डोळ्यांपुढे वर्षभर तोफांची रांग होती, तो ओळीने उभ्या काचांना दुसरं काय म्हणेल? चार्ज आणि डिस्चार्ज हे त्यांचे आवडते शब्दही तोफेचेच: ठासायची, मग बार उडवायचा.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. काच, आणि तिच्या दोन्ही बाजूंना धातूचा पत्रा. यात रासायनिक काही नाही. हा कपॅसिटर आहे. 1745-46 मध्ये पोमेरेनियात क्लाइस्ट आणि लायडनला मुसनब्रुक यांना जी विद्युत बरणी गवसली, तिचंच हे सपाट रूप. म्हणजे विजेच्या जगात बॅटरी या नावाची पहिली वस्तू कपॅसिटरांची रांग होती. रसायनाची बॅटरी अर्धशतकाने मागाहून आली: व्होल्टा यांनी जस्त, चांदी आणि खारात भिजवलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्यांच्या चळतीची खबर 20 मार्च 1800 च्या पत्राने रॉयल सोसायटीच्या बँक्स यांना कळवली. आपल्या यंत्राची तुलना त्यांनी त्या पत्रात लायडन बरण्यांच्या, क्षीण भारलेल्या पण कधीच न संपणाऱ्या बॅटरीशी केली. माझा कयास असा की नावाची हवेली या एका तुलनेतून नव्या भाडेकरूला मिळाली, आणि मूळ मालकाला 'कंडेन्सर' म्हणून बाहेर राहावं लागलं. मराठी शास्त्रपुस्तकांत सेलला विद्युतघट आणि बॅटरीला घटमाला म्हटलं, त्यात तोफा गळाल्या, पण ती जुनी बरणी मात्र परत आली. याचा मला फार आनंद होतो.

माझ्या खोक्यात निघाला तो सुपरकपॅसिटर. त्याचं पहिलं पेटंट जनरल इलेक्ट्रिकच्या बेकर यांचं, 1957 चं. कंट्रोलरवर तो आला तेव्हा कामाची रीतच बदलली. दोन-तीन दिवस मेमरी जागी ठेवायची गरज उरली नाही. वीज गेली की कपॅसिटर थोडा वेळ तग धरतो, तेवढ्यात कॅशमधला सगळा डेटा विजेशिवाय टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीवर उतरतो आणि मग वीज कितीही दिवस आली नाही तरी चालतं. एचपीने नवव्या पिढीच्या सर्व्हरमध्ये पुन्हा लिथियम-आयनचा ठोकळा घातला, हे खरं आहे, आणि माझ्या कथेच्या आड येतं. पण त्यानेही काम तेच केलं: थोडा वेळ दम धरून सगळं फ्लॅशवर उतरवणं.

आमच्या सर्व्हर रूममध्ये एक जुनं रजिस्टर आहे. त्यात रकाना आहे, 'बॅटरी बदलल्याची तारीख'. परवा नवा कपॅसिटर बसवल्यावर हाताखालचा मुलगा पेन घेऊन म्हणाला, "सर, हा शब्द खोडून कपॅसिटर लिहू का?" मी म्हटलं, राहू दे, बरोबर आहे. आणि तारीख घातली.