कलम आणि पाठभेद : मॅन्झनिटाची निवड

कॅलिफोर्नियात घरच्या बागेसाठी मॅन्झनिटाचे झुडूप निवडणारा माणूस रोपवाटिकेत निचरा, ऊन, उंची पाहतो. त्या निवडीमागचा इतिहास सहसा पाहिला जात नाही.

स्पॅनिश भाषकांनी फळांवरून या झुडपाला 'छोटे सफरचंद' म्हटले. आज बागांत रुळलेला 'हॉवर्ड मॅकमिन' हा प्रकार सोनोमा परगण्यातील व्हाइन हिलच्या जातीतून निवडलेला. ती जात रानात मात्र अत्यंत दुर्मीळ आहे. फ्रान्सिस्काना या जातीची कथा अधिक बोलकी. अॅलिस ईस्टवुड यांनी १९०५ मध्ये तिचे नामकरण केले. सॅन फ्रान्सिस्कोची लॉरेल हिल दफनभूमी हटवली गेली आणि १९४० च्या दशकात ही जात रानातून नाहीशी झाली. अभ्यासकांनी उचलून नेलेल्या रोपांमुळे ती उद्यानांत तगली. पुढे २००९ मध्ये प्रेसिडियोत, डॉयल ड्राइव्हच्या पुनर्बांधणीच्या वेळी, तिचे एकच रानटी झुडूप सापडले. उद्यानांत वंशज असूनही ते २०१० च्या जानेवारीत जपून दुसरीकडे हलवले गेले.

हा खटाटोप का? साहित्याच्या अभ्यासकाला त्याचे उत्तर परके वाटू नये. छाटकलम म्हणजे पोथीची हुबेहूब नक्कल. बियांतून उगवणारे प्रत्येक रोप म्हणजे नवा पाठभेद. रोपवाटिका आवडता पाठ निवडते आणि त्याच्या प्रती काढते. आमच्या मते बागेने असे झुडूप जरूर लावावे. मात्र नक्कल हाती आहे म्हणून मूळ संहितेची टेकडी गमावणे परवडणार नाही.