खेळणी, खाऊ आणि खोरे : मुळशीतील बालपणाच्या वस्तूंचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

बालपणीच्या खेळण्यांची व खाऊची आठवण हा मराठी ललित लेखनाचा आवडता विषय आहे. इतिहासलेखनात मात्र या वस्तूंना अद्याप दुय्यम स्थान मिळते. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालपण ही केवळ नैसर्गिक अवस्था नसून तिला स्वतःचा इतिहास आहे, असे प्रतिपादन केले. त्यावर पुष्कळ वाद झाले. तरी खेळ, पोशाख व चित्रे यांकडे इतिहासाची साधने म्हणून पाहण्याची दृष्टी त्यातून रूढ झाली. ही साधने वापरताना एक अडचण येते. विकत घेतलेल्या वस्तूला नाव, किंमत व वेष्टन असते, त्यामुळे ती स्मृतीत ठळक राहते. हाताने केलेली वस्तू निनावी असते आणि मोडली की नाहीशी होते. प्रस्तुत निबंधात पुणे जिल्ह्यातील मुळशी खोऱ्याच्या संदर्भात या असमतोलाचा विचार केला आहे.

खोऱ्यातून आलेली खेळणी

मुळशी हा सह्याद्रीच्या कुशीतील अतिपावसाचा प्रदेश. आंबेमोहोर भात व बांबू यांसाठी तो प्रसिद्ध आहे. अशा प्रदेशातील मुलांची खेळणी परिसरातूनच येत. बांबूच्या नळीत हिरवी फळे कोंबून ती दट्ट्याने उडविणे, ओल्या मातीचे बैल करणे, झाडाच्या फांदीपासून विटी-दांडू तासणे, या गोष्टींना पैसा लागत नसे. लागत असे ते परिसराचे ज्ञान. कोणते लाकूड चिवट, कोणती माती वाळल्यावर तडकत नाही, कोणते फळ खाण्याजोगे व कोणते केवळ खेळण्याजोगे, हे थोरल्या भावंडांकडून धाकट्यांकडे येई. सागरगोट्यांचे उदाहरण बोलके आहे. सागरगोटा ही काटेरी वेल. तिच्या टणक, करड्या बियांनाही तेच नाव आणि त्या बियांनी मुली खेळत त्या खेळालाही तेच नाव. वनस्पती, वस्तू व खेळ यांत भाषेनेही भेद केलेला नाही.

खाऊचीही तीच स्थिती होती. करवंदे, जांभळे, बोरे ही ऋतूची देणगी. गूळ-शेंगदाणे ही घरची. विकतचा खाऊ प्रामुख्याने जत्रेशी निगडित होता. भेंड-बत्तासे, रेवड्या व गोडीशेव, तसेच पिपाणी, भिरभिरे व फुगा यांचे अप्रूप असे, कारण ते वर्षातून एकदाच हाती पडे. गुढीपाडव्याची साखरगाठी व संक्रांतीचा हलवा यांनाही सणाची मर्यादा होती. दुर्मिळता हाच या गोडीचा मोठा भाग होता.

धरण आणि मुंबईचा खाऊ

या जीवनक्रमावर मोठा आघात झाला तो मुळशी धरणाने. टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचे नेतृत्व केले. बावन्न गावे व सुमारे अकरा हजार लोक यांना या प्रकल्पाची झळ पोहोचल्याचे सांगितले जाते. लढा अयशस्वी ठरला आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. खोऱ्यातील पाणी कोकणात उतरून मुंबईसाठी वीज देऊ लागले. या संघर्षाच्या इतिहासात शेतजमिनीचा प्रश्न केंद्रस्थानी आहे, आणि ते रास्तच आहे. परंतु जमिनीबरोबर नदीकाठ, मातीच्या जागा व वेलीही गेल्या. मोबदल्याच्या हिशेबात घर, शेत व झाड मोजता येते. मुलांचे खेळण्याचे ठिकाण मोजण्याचे कोणतेही माप नसते.

मावळ-मुळशी भागातील पुरुष धरणापूर्वीपासूनच पोटासाठी मुंबईस जात. मुंबईच्या डबेवाल्यांत या पट्ट्यातील कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. सणासुदीला गावी येणाऱ्या माणसाच्या पिशवीतून शहरी खाऊ डोंगरात पोहोचण्याचा मार्ग असा तयार झाला. याच काळात कारखानी गोडाचा उदय झाला. विलेपार्ले येथील पार्ले कारखाना १९२९ मध्ये, म्हणजे भिरा केंद्रानंतर दोनच वर्षांनी, गोळ्या-मिठाईच्या उत्पादनाने सुरू झाला. नाशिक जिल्ह्यात वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या रावळगाव उद्योगाने १९४२ मध्ये गोळ्यांच्या व्यवसायात पदार्पण केले. या घटनांत कार्यकारणसंबंध जोडता येणार नाही. तथापि ज्या खोऱ्याने मुंबईला वीज दिली, त्या खोऱ्यातील मुलांपर्यंत मुंबईहून परत आली ती कागदात गुंडाळलेली गोळी, हा क्रम इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

स्मृतीचा असमतोल

पार्ल्याचा जुना कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तर रावळगावच्या गोळ्यांची नाममुद्रा २०२४ मध्ये रिलायन्स समूहातील कंपनीने सत्तावीस कोटी रुपयांस घेतली. दोन्ही प्रसंगी अनेकांना आपले बालपण आठवले. बांबूची नळी दिसेनाशी झाली, तेव्हा त्याची बातमी झाली नाही. कारण ती बंद पडण्याचा कोणताही दिवस नव्हता. पुण्यात दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने उभारलेल्या संग्रहालयात दैनंदिन वस्तूंबरोबर खेळणीही जतन झाली. परंतु संग्रहालयात लाकूड व धातू टिकतात. ओल्या मातीचा बैल टिकत नाही.

अशा वस्तूंचे मोल शिक्षणक्षेत्राने पूर्वीच ओळखले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे, अनुताई वाघ यांच्या साथीने, ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य केले. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने व खडे वापरले. ज्यास गरिबीचे खेळणे समजले जाई, ते त्यांनी शिक्षणाचे साधन ठरविले.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, बालपणाची हळवी आठवण हे विश्वसनीय परंतु अपुरे साधन आहे. ती बाजाराचा इतिहास चोख सांगते, परिसराचा इतिहास मात्र गाळते. आज मुळशी तालुक्यात हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान संकुल व पिरंगुटची औद्योगिक वसाहत उभी आहे. धरणापूर्वीच्या खोऱ्यात खेळलेली पिढी मागे उरलेली नाही. तिच्याकडून ऐकलेले सांगू शकणारी मुले व नातवंडेही वृद्ध होत आहेत. मौखिक इतिहास संकलित करताना ‘लहानपणी काय मिळे?’ एवढाच प्रश्न विचारल्यास उत्तर दुकानापाशी थांबते. ‘काय करीत होता, कशापासून, ते कोठून आणीत होता, कोणी शिकविले?’ असे विचारल्यास पाण्याखाली गेलेल्या खोऱ्याचा काही भाग अजूनही हाती लागू शकेल. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम विनाविलंब हाती घेणे आवश्यक आहे.