एकास पस्तीस

दहावीच्या वर्षी आपली सहल नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेली होती, आठवतं का? संग्रहालय त्याच साली, १९९४ मध्ये, सुरू झालं होतं. मुलं तोफांना लोंबकळून ओरडा खात होती आणि मी वहीत वजनं टिपत होते. वृत्तान्तात मी सेंच्युरियनचं सगळं लिहिलं : ब्रिटिश बनावट, पन्नासेक टन, ६५० अश्वशक्तीचं मीटिऑर इंजिन. बाईंनी खाली लाल शाईनं एवढंच लिहिलं : "आत माणसं किती?" मला सांगता आलं नाही.

मागच्या दिवाळीत लेकासाठी आणलेला प्लॅस्टिकचा सेंच्युरियन दोन दिवसांत माझ्या गळ्यात पडला. प्रमाण एकास पस्तीस, म्हणजे रुंदी जेमतेम दहा सेंटिमीटर. एकेक भाग चौकटीतून कापायचा, कानशीनं घासायचा, चिकटवायचा. एका बाजूला सहा अशी चाकं. एका बाजूचा पट्टा मी उलटा बसवला आणि एक रविवार तो उकलण्यात गेला. (ऑफिसात याला डिबगिंग म्हणतात आणि पगार देतात.)

रंगवायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला की हा कुणाचा रणगाडा करायचा? पेटीतली चिन्हं परदेशी फौजांची होती. मी पूना हॉर्सचा 'फामागुस्टा' निवडला. नाव सायप्रसमधल्या एका बंदराचं, रणगाडा सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा.

खेतरपाल यांचा जन्म पुण्याचा, १९५० चा. जून १९७१ मध्ये ते पूना हॉर्समध्ये अधिकारी झाले. डिसेंबरात युद्ध पेटलं तेव्हा ते नगरलाच, आपण सहलीला गेलो त्या गावात, तरुण अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम करत होते. तिथून ते शकरगढच्या आघाडीवर गेले. बसंतर नदीपलीकडे आपल्या सैन्यानं पाय रोवले होते आणि मधे सुरुंग पेरलेले होते. सुरुंग पूर्ण काढून व्हायच्या आतच रणगाडे पुढे घालावे लागले. १६ डिसेंबरला पाकिस्तानी रणगाड्यांनी प्रतिहल्ला केला तेव्हा खेतरपाल दुसऱ्या स्क्वाड्रनच्या मदतीला धावले. त्यांच्या रणगाड्यानं पेट घेतला. बाहेर पडा, असा वायरलेसवर हुकूम आला. आपली तोफ अजून चालते आहे, असं सांगून ते आतच राहिले. पुढच्या गोळ्यानं ते गेले. वय २१. त्याच दिवशी ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकात हे युद्ध काही ओळींत संपायचं. तीस वर्षांनंतरची गोष्ट तर मला आत्ता कळली. २००१ मध्ये त्यांचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेतरपाल, लाहोरला गेले होते. ज्यांच्या घरी उतरले ते ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी त्यांना स्वतःहून सांगितलं की, तुमचा मुलगा माझ्या रणगाड्याच्या माऱ्यानं गेला. हे वाचलं त्या रात्री मी ब्रश धुऊन ठेवला आणि काम पुढे नेलं नाही.

हिरवा रंग तीन हातांत बसला. वर पातळ तपकिरी थर दिला की खाचांत माती साचल्यासारखी दिसते. फामागुस्टा हे नाव चार केसांच्या ब्रशनं लिहिलं, तरी शेवटची अक्षरं वाकडी झाली आहेत. जळल्याच्या खुणा करायच्या होत्या, पण माझा हात धजला नाही. झाकणातून डोकं काढलेला अधिकाऱ्याचा पुतळाही पेटीत होता. तो बसवला नाही, झाकण उघडंच ठेवलं.

खरा फामागुस्टा आज नगरलाच, आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये आहे.

बाई, माणसं चार. चालक, तोफची, गोळे भरणारा नि वायरलेस सांभाळणारा, आणि वर कमांडर. मेळाव्याला मॉडेल बुटाच्या खोक्यात घालून आणते आहे. कृपया तोफेला धरून उचलू नका, ती दोनदा चिकटवलेली आहे.